चिरंजीवांची भट्टी

या सदरातून मी आजवर साबणाचा फेस, पापडखार, लोणच्याचे मीठ आणि दुधाचे विरजण अशा सात्त्विक विषयांवर लिहीत आलो. चौतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या पेन्शनर मास्तराकडून वाचकांची याहून निराळी अपेक्षाही नसते. तेव्हा ऐन दिवाळी अंकात मी बिअर या पदार्थावर लिहिणार म्हटल्यावर आमच्या घरातच पहिला निषेध झाला. "अहो, लोक फराळाचं ताट पुढे घेऊन अंक उघडतात," असे सौभाग्यवतीने सुनावले. मी म्हटले, "त्या थालीपिठाचंही लिहिणार आहे." त्यावर ती गप्प झाली. ते थालीपीठ कोणते, हे पुढे येईलच.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. ही फुशारकी नव्हे. त्याला कारण घडले. माझे धाकटे काका गिरगावात आमच्याच बिऱ्हाडी राहत. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. कायदा झाला, पण काकांची तहान राहिली. काळ्या गुळाची आणि नवसागराची हातभट्टीची दारू कुठल्या गल्लीत मिळते, हे त्यांना अंधारातही सापडे. हुशार माणूस, सुंदर पेटी वाजवायचा. बेचाळिसाव्या वर्षी जलोदराने गेला. शेवटच्या दिवसांत त्यांचे पोट मोठे आणि हातपाय काड्या झाले होते, ते मी पाहिले. आईने मला देवापुढे उभे करून शपथ घातली. ती शपथ मोडावी असे मला कधी वाटलेही नाही.

आता ऐका. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता इंग्लंडात डर्बी गावी चिरंजीवांकडे गेलो होतो. चिरंजीव तिथे इंजिनिअर आहेत, सूनबाई इस्पितळात आहेत आणि नात शाळेत जाते. पहिल्याच रात्री मला झोप लागेना, म्हणून पाणी प्यायला खाली आलो. जिन्याखाली एक कपाट आहे. त्यातून आवाज येत होता, 'बुडुक'. दहा सेकंदांनी पुन्हा 'बुडुक'. उंदीर असेल म्हणून दार उघडले, तर आत काचेचा एक मोठा बुधला, त्यात मातकट रंगाचे पाणी, वर चार बोटे फेस, आणि तोंडाला वाकड्या नळीचा पाण्याचा सापळा. रसायनाच्या मास्तराला ते काय आहे, हे कुणी सांगावे लागत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडत होता. म्हणजे आत साखरेची दारू होत होती, आणि तीही माझ्या मुलाच्या घरात, नातीच्या बुटांशेजारी!

दुसऱ्या दिवसापासून मी अबोला धरला. चिरंजीवांनी ओळखले, पण तेही काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात भांडणे अशी मुक्यानेच होतात.

अबोला मोडला तो थर्मामीटरमुळे. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात पाहतो तो चिरंजीव एका पातेल्यात थर्मामीटर धरून उभे, आणि तोही तिरपा, बुडाला टेकवलेला. मला राहवले नाही. "अरे, बुडाला टेकवू नकोस. पातेल्याचं तापमान मोजतोयस की पाण्याचं?" झाले! पुढचे पाच तास मी त्या पातेल्याजवळून हललो नाही.

वाचकहो, या उद्योगाचे रसायन आपल्या घराबाहेरचे मुळीच नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करतात, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. मोड येताना दाण्यात काही पाचक द्रव्ये जागी होतात. ती पिठुळ स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर करतात. म्हणूनच मोडाच्या नाचणीची पेज पातळ आणि गोडसर लागते. बिअरसाठी हेच जवाचे करायचे. जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवले की झाले माल्ट. चिरंजीवांनी एक किलो भरडलेले माल्ट अडीच लिटर गरम पाण्यात कालवले. मिश्रण सहासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सिअसवर यायला हवे. त्याहून फार तापले तर ती पाचक द्रव्ये मरतात आणि फार निवले तर आळसावतात. पातेले रजईत गुंडाळून तासभर ठेवले. तासाने मी थेंबभर मिश्रण बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकले. स्टार्च असते तर निळे-काळे झाले असते, पण रंग तसाच पिवळा राहिला. शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा माझ्या हातून प्रयोग झाला होता, आणि नात शेजारी खुर्चीवर उभी राहून पाहत होती.

मग ते गाळून, वरून चार लिटर गरम पाणी ओतून दाण्यातला उरलासुरला गोडवा धुऊन घेतला. या गोड पाण्यात दारूचा अंशही नसतो. चिरंजीवांनी वाटीभर माझ्यापुढे धरले. मी घेतले. उसाच्या रसात ताज्या पावाची कड बुडवावी, तशी काहीशी चव. सौभाग्यवतीनेही घेतले आणि म्हणाली, "याचा हलवा का करत नाही?"

इंग्लंडात हे काम शतकानुशतके बायकांचेच होते. गहू दळणे, पाव भाजणे, तशीच घरची 'एल' करणे ही गृहिणीची कामगिरी. उरलेली ती दाराशी विकतही असे. 'ब्रूस्टर' हे तिकडचे आडनाव मुळात अशा बायकांच्या धंद्यावरूनच आले. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून हॉप्सची कडू फुले या पेयात येऊ लागली. फुलांच्या कडूपणाने पेय टिकू लागले. जे टिकते ते दूर नेता येते, आणि जे दूर नेता येते त्याचा मोठा धंदा होतो. धंदा मोठा झाला तसा तो बायकांच्या हातून गेला. डर्बीजवळच्या बर्टन गावच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यात फिकट रंगाची कडवट बिअर उत्तम होते. एकोणिसाव्या शतकात अशी बिअर पिंपांत भरून गलबतांनी मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांकडे येत असे. आजही तिच्या नावात 'इंडिया' आहे, ते त्यामुळे.

घरच्या चुलीवर मात्र सरकारची नजर होतीच. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर काढला आणि बिअरवर बसवला. त्याबरोबर घरी करणाऱ्यालाही परवाना घेणे आले. तो परवाना १९६३ सालच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. तेव्हापासून तिकडे स्वतःपुरती करायला मोकळीक आहे. विकायची मात्र नाही. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, पण घरच्या बिअरला केंद्राची परवानगी मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये २०१३ पर्यंत अडून होती.

आपल्याकडे, हे नीट लक्षात ठेवावे, परवान्यावाचून घरी दारू करणे हा महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. मग ती एक बाटली का असेना. तेव्हा हा लेख कुणी पाककृती म्हणून कापून ठेवू नये.

आता पुन्हा चुलीकडे. गोड पाण्याला तासभर खळखळून उकळी दिली. प्रारंभी दहा ग्रॅम हॉप्स टाकले ते कडूपणासाठी, शेवटी पाच ग्रॅम टाकले ते वासासाठी. उकळी संपल्यावर पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून लगबगीने वीस अंशांवर आणले. आणि इथून पुढे चिरंजीवांचे जे सोवळे सुरू झाले, ते पाहून माझ्या आजीची आठवण झाली. बुधला, नळी, पळी, बूच, सगळे जंतुनाशकाच्या पाण्यातून काढलेले. नातीने बोट लावले म्हणून नरसाळे पुन्हा धुतले. सौभाग्यवती कौतुकाने पाहत राहिली. "लहानपणी याला देवघरात हातपाय धुऊन ये म्हटलं की रडायचा," असे ती म्हणाली.

हे सोवळे उगाच नाही. १८७१ साली लुई पाश्चर लंडनमधल्या एका मोठ्या बिअरच्या कारखान्यात गेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिथले यीस्ट पाहून त्यांनी बिअर का बिघडते ते मालकांना दाखवून दिले. यीस्टबरोबर भलतेच पाहुणे पंगतीला बसले होते. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. माझ्या विद्यार्थ्यांनी आम्ल-अल्कलींसाठी जो पीएच घोकला, तोही १९०९ साली सोरेन्सन यांनी याच प्रयोगशाळेत मांडला. उष्णतेचा हिशेब घालून देणारे जूल हे सॅलफर्डच्या बिअरवाल्याचे चिरंजीव. चौतीस वर्षे मी पीएच आणि जूल शिकवले, पण त्यांना बिअरचा वास आहे हे मुलांना एकदाही सांगितले नव्हते.

बुधल्यात साडेचार लिटर पाणी, वर चिमूटभर यीस्ट. आत टाकण्यापूर्वी चिरंजीवांनी हायड्रोमीटर सोडला. आपल्याकडे दुधात पाणी किती हे पाहायला लॅक्टोमीटर असतो, त्याचाच हा भाऊ. आकडा आला १.०४५. साखर संपत जाईल तसा तो खाली येतो आणि या प्रकारात १.०११ च्या आसपास थांबतो. म्हणजे दारू साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर. चिरंजीवांनी आकडा एका वहीत टिपला. गाळलेला चोथा सौभाग्यवतीने ओव्हनमध्ये वाळवला, दळला, चाळला आणि बेसन, कांदा, कोथिंबीर घालून त्याची थालीपिठे लावली. माझ्या मते त्या दिवसाचे खरे उत्पादन तेच.

इथपर्यंत सारे गोड होते. पुढची चूक माझी.

नवव्या दिवशी 'बुडुक' थांबले. मध्ये चार दिवस गारठा पडला होता. चिरंजीवांनी मोजले, आकडा १.०१८. ते म्हणाले, "बाबा, अजून आठवडाभर थांबू या." मी म्हटले, "अरे, बुडबुडे थांबले म्हणजे क्रिया थांबली. हे मी तुला शिकवायचं की तू मला?" आम्हाला पुढच्या आठवड्यात स्कॉटलंडला जायचे होते, त्याआधी बाटल्या भरलेल्या पाहाव्यात अशी माझी घाई. मुलगा माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला. चाळिशी ओलांडलेला इंजिनिअर, पण वडिलांपुढे पुन्हा सातवीत गेला. "बरं," म्हणाला. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या भरल्या. प्रत्येकीत फेसासाठी तीन ग्रॅम साखर घातली, पत्र्याची बुचे ठोकली आणि त्या जिन्याखाली ठेवल्या.

यीस्ट मेले नव्हते, गारठून निजले होते. आम्ही स्कॉटलंडहून परतलो तेव्हा उन्हाळा तापला होता. तिसऱ्या रात्री चारच्या सुमारास घरात बंदुकीसारखा बार झाला. पाठोपाठ दुसरा. खाली धावलो तर कपाटाच्या दाराखालून फेस येत होता. नात मागून उतरत होती. सकाळी पावणेआठला ती रोज त्याच कपाटात वाकून बूट काढते. हे मनात आले आणि माझे पाय जिन्यावरच थिजले.

चिरंजीवांनी कुणाला दार उघडू दिले नाही. जाडा कोट, हातमोजे, डोक्याला मोटारसायकलचे शिरस्त्राण घालून, घोंगडी पुढे धरून ते आत शिरले आणि उरलेल्या सहा बाटल्या एकेक करून परसात नेऊन बुचे सैल केली. नातीच्या बुटात काचेचा बोटभर तुकडा रुतला होता.

पहाटे मी कागद घेऊन हिशेब मांडला. एक ग्रॅम साखर आंबली की सुमारे पाव लिटर वायू होतो. १.०१८ पासून १.०११ पर्यंत प्रत्येक बाटलीत सात ग्रॅम साखर शिल्लक होती, त्यात वरची तीन. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत अडीच लिटर नवा वायू. नेहमीच्या बिअरमध्ये सारा मिळून सव्वा लिटरच्या आसपास असतो. नववीतला मुलगा करील असे गणित. मी केले नाही, कारण मला ते करण्याची गरज वाटली नाही.

चिरंजीव काचा वेचत होते. मी म्हटले, "माझं चुकलं." वाचकहो, हे दोन शब्द मी मुलाला आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन. तो म्हणाला, "मी थांबवायला हवं होतं, बाबा." मग बऱ्याच वेळाने, पाठमोराच राहून, म्हणाला, "तुम्ही इतके दिवस रुसलात, पण मी किती पितो ते विचारलं नाहीत."

मी विचारले. त्याने ती वही आणून दिली. पहिल्या पानांवर आकडे, तापमाने, तारखा. माझ्याच पद्धतीची समासाची रेघ. शेवटच्या पानांवर निराळा रकाना होता. कुठल्या शनिवारी किती बाटल्या उघडल्या, शेजाऱ्यांना किती दिल्या. २०२० च्या टाळेबंदीत सूनबाई रात्र-रात्र इस्पितळात असे. हा एकटा, लेकरू निजलेले. दुकानातला बिअरचा डबा आधी एक, मग दोन, मग रोज चार. "एका रात्री मोजले आणि तुमच्या काकांची आठवण झाली," तो म्हणाला. "तुम्ही त्यांच्याबद्दल कधी बोलला नाहीत. आजीनं सांगितलं होतं." डबे बंद केले. काही महिने काहीच घेतले नाही. मग हे सुरू केले. "डबा फोडायला एक क्षण लागतो, बाबा. या आठ बाटल्यांना पाच तास मेहनत आणि महिनाभर वाट. संपल्या की संपल्या."

हे औषध सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. ज्याला पहिल्या घोटानंतर थांबता येत नाही, त्याने घरात बुधला ठेवणे म्हणजे गंजीशेजारी शेकोटी. काकांच्या हाती अशी वही दिली असती तरी ते वाचले नसते, हे मला ठाऊक आहे. हेही खरे की हातभट्टीच्या विषाचा आणि या बिअरचा संबंध नाही. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉलने. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते असे येत नाही. पण विष नाही म्हणजे अपाय नाही, असेही नव्हे. दारूचे कुठलेच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. मी ते चिरंजीवांना वाचून दाखवले. "ठाऊक आहे. म्हणून तर रकाना आहे," ते म्हणाले. वाद तिथेच संपला असे नाही. पण आता तो बोलून होतो.

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा भट्टी लावली. या खेपेस बुडबुड्यांकडे मी पाहिलेही नाही. पंधराव्या दिवसापासून रोज सकाळी हायड्रोमीटर सोडला : १.०११, १.०११, १.०११. बाटल्या झाकणाच्या जाड पेटीत ठेवल्या आणि ती पेटी परसातल्या खोलीत, कुलपात. जिन्याखाली आता फक्त बूट असतात. त्या बॅचची बिअर कशी झाली ते मी सांगू शकत नाही. चाखली नाही, चाखणारही नाही. पण चिरंजीवांच्या वहीत त्या दिवशीची नोंद माझ्या अक्षरात आहे : 'तीन दिवस आकडा स्थिर. भरण्यास हरकत नाही.' खाली दोघांच्या सह्या आहेत.

वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. पुढच्या अंकापासून आपले नेहमीचे विषय. पहिला लेख, चिंचेने पितळ का उजळते.